खिशातली दवंडी

आमच्या लहानपणी गावात खबर यायची ती हलगीवर. कोतवाल चावडीपासून निघायचा, पारापाशी थांबायचा, मग वेशीबाहेरच्या वस्तीकडं वळायचा. शेतसारा भरायचा असो, देवीची लस टोचायची असो, नाहीतर नदीला वरून पाणी येणार असो. ‘ऐका हो ऐका’ झालं की साऱ्या गावाला एकच गोष्ट कळायची. वस्तीवर ती थोडी उशिरा जायची, पण जायची. ऐकायला कुणाला अक्षरओळख लागत नव्हती.

पुढं रेडिओ आला. त्यावर मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये असं सांगायचे आणि आम्ही पारावर हसायचो. आमच्या तेरणेला गुडघाभर पाणी, आम्हाला कुठला समुद्र! पाऊसपाण्याचं आमचं पंचांग वेगळं होतं. मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्या का, मृगाचं वाहन काय, हत्ती कधी लागतो, एवढ्यावर आमचा कारभार चालायचा.

सांगणाऱ्याचं मोल कळलं ते १९९३ साली. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक दमून झोपले होते आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला जमीन हलली. आमच्या गावातही माळवदं बसली. पुढं कितीतरी महिने जो भेटेल तो एकच म्हणायचा, ‘घंटाभर आधी कुणी सांगितलं असतं तर?’ भूकंपाचं तसं सांगता येत नाही, आजही येत नाही. पण ते वाक्य माझ्या कानात राहिलं. कुणी सांगितलं असतं तर आपण नक्की ऐकलं असतं, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

आता गोष्ट २०२१ सालातली. हत्तीचा पाऊस चालू होता. सोयाबीन काढणीला आलेलं, शेंगा वाळून तडकायला लागलेल्या. शिवारात ओल असल्यामुळं कुणी गुत्तं घेईना, म्हणून रोजानं आठ बाया लावल्या होत्या. तीनशे रुपये रोज. पोरानं माझ्या मोबाइलात ‘दामिनी’ घालून दिलं होतं. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं हे ॲप आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरात विजा पडत असल्या तर कळवतं. शिवाय मेसेज यायचे ते वेगळेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा, एवढं मलाही पाठ झालं होतं.

त्या दिवशी सव्वादोनला मोबाइल वाजला. मी वाचलं. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. आठवड्यात असा मेसेज तिसऱ्यांदा आला होता आणि आधीच्या दोन्ही वेळा आमच्याकडं थेंब पडला नव्हता. मी वर बघितलं. उगवतीकडं काळं दिसत होतं, पण डोक्यावर ऊन होतं. चार पाटं काढायची राहिली होती आणि काढलेल्या सोयाबीनची बनीम लावून वर ताडपत्री टाकायची होती. भिजलं की सोयाबीन काळं पडतं, शेंगेतच मोड फुटतात. मी मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणालो, ‘बायांनो, उरका पटपट.’

तीन वाजता अंधारून आलं. पहिले टपोरे थेंब पडले तशा बाया बांधावरच्या लिंबाकडं पळाल्या. भाकरीची गठुडी तिथंच ठेवलेली आणि माझं एक खोंडही तिथंच बांधलेलं. अक्का सगळ्यात मागं होती. तिचं नाव लिहीत नाही. सारं गाव तिला अक्काच म्हणतं. वीज लिंबावर पडली. शेंड्यापासून बुडापर्यंत झाडाची साल सोलून निघाली. खोंड जागीच गेलं. झाडाखालच्या बाया फेकल्यासारख्या इकडंतिकडं पडल्या, पण उठल्या. झाडापासून दहाबारा पावलांवर असलेली अक्का उठली नाही.

तिला कुणी हात लावेना. वीज लागलेल्याला शिवलं की आपल्यालाही लागते, असं आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या सांगतात. माझी बायको मात्र धावत गेली आणि तिनं अक्काचं डोकं मांडीवर घेतलं. नंतर डॉक्टरनं सांगितलं, अशा माणसाच्या अंगात वीज राहत नाही. उलट लगेच हात लावून, श्वास चालतो का बघून, गरज पडली तर छाती दाबली तरच माणूस वाचतो. अक्का वाचली. उजव्या कानाचा पडदा फाटला होता. त्या कानानं तिला आता ऐकू येत नाही.

दवाखान्यातून आल्यावर मी भेटायला गेलो. खर्च मी केला होता, त्याचंच तिला ओझं झालेलं. मला म्हणाली, ‘भाऊ, तुमी कशाला मनाला लावून घेता? तुमाला तरी काय ठावं होतं?’

मला ठाऊक होतं. पाऊण तास आधी ठाऊक होतं. सातही बायांना, माझ्या बायकोला, पोराला, कुणालाच माहीत नव्हतं की मी ते वाचून खिशात घातलं. मी तिथं काही बोललो नाही. चहा घेऊन परत आलो.

दोन महिने ते माझ्या पोटात राहिलं. शेवटी संक्रांतीच्या आधी तिच्या घरी जाऊन सांगून टाकलं. मला वाटलं शिव्या देईल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘सांगितलं असतं तरी मी गेले नसते, भाऊ. अर्धा रोज बुडाला असता.’

गावातल्या दोघातिघांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘मग झालं की! सुटलात तुम्ही. ती स्वतःच म्हणते ऐकलं नसतं.’ मी मात्र सुटलो नाही. उलट तिच्या त्या बोलण्यानं जास्तच अडकलो. कारण ज्या अर्ध्या रोजापायी ती गेली नसती, तो अर्धा रोज कुणाच्या हातात होता? दीडशे रुपये. आठ बायांचे बाराशे. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ३,९५० रुपये क्विंटल होता. म्हणजे हमीभावानं धरलं तर तीस किलो सोयाबीन. ‘घरी जा, रोज पुरा देतो’ एवढं म्हणायला मला तीस किलो सोयाबीन लागलं असतं.

आपण म्हणतो, सांगणं आपलं काम, ऐकणं ज्याचं त्याच्यावर. मीही तसंच म्हणत आलो. पण ज्याला ऐकणं परवडत नाही, त्याला नुसतं सांगून काय होतं? मालकाला इशारा मिळतो तेव्हा तो जास्तीत जास्त बनिमीवर ताडपत्री टाकतो. मजुराला तोच इशारा पाळायचा तर चूल बघावी लागते. कोतवालाची हलगी साऱ्यांसाठी वाजायची. मोबाइलची खबर ज्याच्या खिशात मोबाइल त्याच्यापाशी येते आणि त्यानं तोंड उघडलं नाही तर तिथंच राहते. म्हणून ज्याच्या खिशात ती वाजली तो त्या शिवारापुरता कोतवाल झाला, असं मी आता मानतो. आणि त्याच्या हाताखाली माणसं असली तर त्यांचा बुडणारा रोजही त्याच्याच अंगावर.

तेव्हापासून मेसेज आला की विळे खाली, सगळ्यांनी पक्क्या घरात, रोज पुरा. झाडाखाली कुणी नाही. घर गाठता आलं नाही तर उघड्यावर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. दोन वर्षांत असं चार वेळा काम थांबवलं. चारही वेळा आमच्या शेतात काही झालं नाही. एकदा तर लख्ख ऊन पडलं आणि शेजारच्या बांधावरून आवाज आला, ‘तात्या, असं केलं तर बाया ढगाकडंच बघत बसतील!’ माझी बायकोही त्या दिवशी हिशेबाची वही आपटून बोलली. तिचं चूक नव्हतं. चार वेळांचे पैसे गेलेच होते.

पण इशारा खोटा ठरला, असं मी आता म्हणत नाही. २०१४ च्या गारपिटीत आमचा गहू झोपला आणि ओढ्यापलीकडच्या शिवारात पानही फाटलं नाही. मेसेजात ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलेलं असतं. ते ठिकाण माझंच असेल असं कुणी लिहून देत नाही आणि नसेलच असंही नाही. रानडुकरांसाठी आम्ही रात्री राखण ठेवतो. ज्या रात्री डुकरं येत नाहीत त्या रात्रीचा राखण्याचा पगार वाया गेला असं कुणी म्हणत नाही. मग माणसाच्या राखणीलाच वेगळा हिशेब का?

एक मला अजून सुटत नाही. मला बारा एकर आहे, मी चार दिवसांचा रोज सोसू शकलो. ज्याला दोनच एकर आहे आणि बनीम उघडी आहे, त्यानं काय करावं? त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू? एवढंच करतो, की माझा मोबाइल वाजला की त्याच्या बांधापर्यंत जाऊन सांगतो आणि ताडपत्री ओढायला हात लावतो.

अक्का अजूनही कामाला येते. लिंब वाळून गेला, तोडला. मेसेज आला की मी बांधावरून एकदा सगळ्यांना ओरडून सांगतो. मग शेतात उतरून अक्काच्या डाव्या बाजूला जातो आणि पुन्हा एकदा सांगतो.