भिंत वाळू द्यावी

बावड्यातल्या आमच्या घराची बैठकीची भिंत न्हाणीघराला लागून आहे. गेल्या दिवाळीला ती हौसेनं रंगवली. होळीच्या आतच तिनं पोपडे धरले. बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागायची. "लोणा लागला भिंतीला," आई म्हणाली. मी पुट्टीचा डबा आणायला निघालो, तर शेजारचे तात्या म्हणाले, "चोपण रानात पेरून उगवतं का रे? आधी पाणी कुठनं येतंय ते बघ."

तात्यांना रानच आठवणार. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून आमच्या बारामती-इंदापूरच्या शिवारात खेळतं आहे. त्यानं ऊस दिला, आणि जिथे निचरा नव्हता तिथे जमिनी खारावून चोपणही झाल्या. मुरलेलं पाणी खाली साठतं, मातीच्या बारीक वाटांनी पुन्हा वर चढतं, उन्हानं उडून जातं; सोबत आणलेला क्षार मात्र वरच ठेवून जातं. भिंतीत अगदी हेच चालतं. विटा, वाळू, सिमेंट आणि बोअरचं पाणी यांतलं मीठ ओलीबरोबर पृष्ठभागाकडे येतं. पाणी सुकतं, मिठाचे खडे धरतात, फुगतात आणि गिलावा आतून फोडतात. म्हणजे भिंत ओली असताना जेवढी बिघडते, त्याहून जास्त ती सुकताना बिघडते. वरून रंगाचा थर दिला, तर मीठ त्या थरामागे साठतं आणि त्यालाच ढकलून देतं. माझी दिवाळीची हौस अशीच गळून पडली होती.

मग आठवडाभर शॉवर बंद ठेवून आम्ही बादलीनं आंघोळी केल्या. भिंतीवरचा ओलीचा डाग वाढायचा थांबला. फरशी रोज भिजत होतीच, तेव्हा दोष फरशीत नव्हता. तो कॉकापासून वर शॉवरकडे जाणाऱ्या पाइपात होता. गवंड्यानं एक टाइल काढली. आतला एल्बो आट्यांपाशी पाझरत होता. रोजच्या आंघोळीला फार तर पेलाभर पाणी तिथून झिरपत असेल, पण भिंतीला तेवढं पुरलं. नवा एल्बो, आट्यांवर टेफ्लॉन टेप. दुपारपर्यंत काम उरकलं.

मला वाटलं, संपलं. गवंडी म्हणाला, "आता खरं काम. गिलावा उडवा, मीठ कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका. मग भिंत उघडी ठेवा." किती दिवस? "नऊ इंची आहे. काही महिने तर लागतीलच. पावसाळा आला तर आणखी."

गळती शोधायला मला आठवडा लागला, मिटवायला अर्धा दिवस. वाळण्याची वाट पाहणं मात्र जमेना. आपण घरातलं भांडणही असंच आवरतो. चूक कबूल झाली की त्याच संध्याकाळी सगळं पूर्वीसारखं दिसायला हवं असतं, कारण उद्या पाहुणे यायचे असतात. पण कारण संपलं म्हणून ओल संपत नाही. जे आत मुरलंय त्याला बाहेर यायला वेळ लागतो, आणि तोवर भिंत कुरूप दिसणारच. ते कुरूप दिसणं सोसणं हादेखील दुरुस्तीचाच भाग आहे.

या दिवाळीत आमच्या बैठकीत उघड्या विटा होत्या. आईनं त्यांच्याच समोर फराळाची ताटं मांडली. कुणी विचारलं, "अजून काम राहिलंय वाटतं?" तर ती करंजी पुढं करत म्हणायची, "काम झालंय. भिंत वाळतेय."