पितृत्व : आधी हक्क की आधी जबाबदारी?

रायपूरच्या तात्यापारा वस्तीत एका तरुणाने मला प्रश्न विचारला. तो अविवाहित होता. पण एका लहान मुलाचा पिता होता. मूल आईजवळ होते. "मूल माझेही आहे, मग माझा हक्क कोठे आहे?" त्याच्या स्वरात दुःख होते.

हिंदूंच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे अनौरस अपत्याची नैसर्गिक पालक प्रथम आई व तिच्यानंतर पिता. आपणा ख्रिस्ती लोकांना १८९० चा पालक व पाल्य कायदा लागू आहे. त्याखाली एका ख्रिस्ती अविवाहित मातेने पालकत्व मागितले; पित्याचे नाव सांगण्यास नकार दिल्यामुळे तिचा अर्ज फेटाळला गेला. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला न्याय दिला. ज्याने मुलाविषयी आस्था दाखवली नाही, त्या पित्यास नोटीस देण्याची गरज नाही, असे ठरले. तरीही आपला पिता कोण हे जाणण्याचा मुलाचा हक्क ओळखून न्यायाधीशांनी ते नाव मातेकडून घेऊन मोहोरबंद पाकिटात ठेवले. पालकत्वाचा आदेश कधीच अंतिम नसतो, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे पित्याला दार बंद नाही. पोटगीची जबाबदारी मात्र, विवाह झालेला असो वा नसो, ऐपत असलेल्या पित्यावर आहेच.

हा अन्याय आहे काय? पवित्र शास्त्रातील दोन पिते पाहा. अब्राहामाला इश्माएलाविषयी फार वाईट वाटले. तरी भाकर व पाण्याची मसक देऊन त्याने त्याला आईसह पाठवून दिले. मसकेतले पाणी संपले, तेव्हा मुलाचा आवाज देवाने ऐकला. पिता तेथे नव्हता. योसेफाचे तर रक्ताचे नातेही नव्हते. पण त्याने बाळाचे नाव ठेवले, आणि रात्री उठून त्याला मिसर देशास नेले.

मी त्या तरुणास विचारले, "मूल आजारी पडले तेव्हा आपण कोठे होता?" तो म्हणाला, "मला कोणी कळवलेच नाही." हेही खरे असेल. ज्याला खरोखर भार उचलायचा आहे, त्याला दूर ठेवणे मुलाच्याही हिताचे नाही. म्हणून मी म्हटले, "आधी खर्च उचला, विचारपूस करा, मुलाला आपले म्हणा. मग न्यायालयाकडे जाल, तेव्हा रिकाम्या हातांनी जाणार नाही."

वाचकहो, आपल्या मंडळीत अशा मातेला आपण किती प्रश्न विचारतो! पित्याला एक तरी विचारतो काय? त्याला लाजवण्यासाठी नव्हे, तर मुलाकडे परत आणण्यासाठी आपण तो विचारला पाहिजे.