भाव सांगताना

घर विकणारा माणूस जेव्हा म्हणतो, 'तुम्हीच सांगा काय द्याल ते,' तेव्हा घेणाऱ्याने किती सांगावे? प्रश्न साधा दिसतो. बाजारात आपण रोज घासाघीस करतो आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. भाजीवाली आज दोन रुपये कमी घेते, उद्या भरून काढते. घराचे तसे नाही. सामान्य माणूस घर आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो आणि विकणाराही बहुधा एकदाच विकतो. इथे पडलेली खोट पुढच्या आठवड्यात भरून निघत नाही. म्हणून हा प्रश्न जितका व्यवहाराचा, तितकाच ईमानाचा आहे.

वर्गात मी मुलांना नफा-तोट्याची गणिते घालते. गणितात विकणाऱ्याचे नाव असते, खरेदी किंमत असते, विक्री किंमत असते. तो का विकतो आहे, त्याला घाई आहे का, बाजारात काय चालले आहे हे त्याला ठाऊक आहे का, यातले काहीच नसते. गणितापुरते ते ठीकच आहे. पण आपण मोठे होऊन घराचा व्यवहार करायला बसतो, तेव्हाही ते गणितच डोक्यात ठेवून बसतो.

आमच्या भागात हा प्रश्न आज अधिकच टोकदार झाला आहे. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले शेजारचे दोन ग्रामीण तालुके. शहापूरला मुंबई-नाशिक महामार्ग आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही लोकलची स्थानके आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तोही याच तालुक्यातून जातो. मुरबाडला जायचे तर कल्याणहून एस.टी. किंवा जीप, पण रेल्वे येणार ही बोलवा तिथे वर्षानुवर्षे फिरते आहे आणि रेल्वेच्या आधी तिचा भाव येऊन पोहोचला आहे. अशा ठिकाणी एकाच घराचे तीन भाव असतात. एक सरकारी रेडी रेकनरचा, दुसरा एजंटाच्या तोंडचा आणि तिसरा विकणाऱ्याच्या गरजेचा. घेणारा हुशार असला की तो तिसरा शोधून काढतो.

'त्याने राजीखुशीने दिले, मी राजीखुशीने घेतले, मग गुन्हा कसला?' हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांच्या जिभेवर असते. कुरआननेही व्यापाराला परस्परांच्या संमतीची अट घातली आहे, हे खरे. पण संमती म्हणजे नुसती मान हलवणे नव्हे. ज्याला आपल्या वस्तूचे मोल ठाऊक नाही त्याची संमती अर्धी असते, आणि ज्याच्या गळ्याशी आले आहे त्याचीही. रसूलुल्लाह (स.) यांनी बाहेरून माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला वाटेतच गाठून खरेदी करायला मनाई केली. कारण उघड आहे. काफिला बाजारात पोहोचलेला नसतो, भाव त्याच्या कानावर गेलेला नसतो. हदीसमध्ये असेही आले आहे की अशी खरेदी झालीच, तर बाजारात आल्यावर विकणाऱ्याला व्यवहार मोडण्याची मुभा आहे. आज वाळवंट नाही, उंट नाहीत. पण रस्त्याच्या मोजणीची बातमी गावात पोहोचण्याआधी जो एजंट पाड्यावर पोहोचतो, तो त्याच वाटेवर उभा आहे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही ही गोष्ट एका ठिकाणी ओळखली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय घेता येत नाही. या कलमामागे ठाण्यातल्या वारली, कातकरी, ठाकूर यांच्यासारख्या जमातींचा सावकारीचा अनुभव उभा आहे. कागदावर अंगठा होता, म्हणजे संमती होती. तरीही तो व्यवहार न्यायाचा नव्हता.

मग न्यायाचा भाव कोणता? जरीर बिन अब्दुल्लाह या सहाबींची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. त्यांच्या माणसाने तीनशे दिरहमला एक घोडा ठरवला आणि पैसे घेण्यासाठी मालकाला घेऊन आला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला सांगितले, याची किंमत याहून जास्त आहे. असे करत त्यांनी स्वतःच भाव वाढवत नेला आणि शेवटी आठशे दिरहम दिले. रसूलुल्लाह (स.) यांच्या हातावर त्यांनी प्रत्येक मुसलमानाशी खैरखाहीने वागण्याची बैअत केली होती, आणि ती बैअत ते बाजारातही विसरले नाहीत. इथे कुणी म्हणेल, ती तर मुसलमानांपुरती. पण आमच्याकडे घर विकणारा कुणबी असतो, आगरी असतो, कधी बोहरी, कधी कोकणी मुसलमान. एखाद्या कौमशी वैर असले तरी तिच्याशी अन्याय करू नका, असे कुरआन बजावते. जिथे वैर असतानाही सूट नाही, तिथे वैरच नसताना ती कुठून मिळणार?

तरी पगारावर जगणारा प्रत्येक जण जरीर होऊ शकत नाही, हेही मान्य करायला हवे. घेणाराही गरजू असतो. पतपेढीचा हप्ता, भाड्याच्या खोलीची मुदत, मुलांची फी हे सगळे त्याच्याही पाठीशी असते. फिकहने म्हणूनच एहसान आणि इन्साफ यांत फरक केला. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात हनफी फिकहवर आधारलेली 'मजल्ला' ही संहिता तयार झाली. तिने 'गबन-ए-फाहिश' म्हणजे भावातली उघड लूट हिची मर्यादाच आखून दिली : सामानात विसावा हिस्सा, जनावरांत दहावा, घर-जमिनीत पाचवा. एवढ्या लुटीने एरवी व्यवहार मोडत नसे. तिच्यात फसवणूक मिसळली की मोडता येई. यतीमाचा माल असेल तर मात्र फसवणूक सिद्ध करण्याचीही गरज नसे. ही संहिता आपल्याकडे लागू नाही आणि कधी नव्हती. पण एक माप म्हणून ती हाताशी ठेवण्यासारखी आहे.

ते माप मला लावून पाहावे लागले. शहापुरात एक जुने कौलारू घर आम्ही पाहत होतो. मालकीण एक कुणबी आजी, मुले डोंबिवलीला, नवरा अंथरुणावर. 'बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा,' असे म्हणून त्या मोकळ्या झाल्या. एजंटाने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, दवाखान्याची घाई आहे, १४ लाख सांगा, घेतील. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आसपासची दोन खरेदीखते पाहिली, तेव्हा तसल्या घराचा भाव १८ लाखांच्या आसपास दिसत होता. १८ चा पाचवा हिस्सा ३ लाख ६० हजार. १४ लाख म्हणजे ४ लाखांची खोट. मजल्लाच्या मापानेही ती लूटच ठरत होती.

घरात दोन मते होती. माझ्या मिस्टरांचे म्हणणे असे की आपण तिला फसवत नाही, फक्त गप्प बसतो आहोत. सासूबाई म्हणाल्या, 'जिथं सजदा करायचा, तिथं कुणाची हाय नको.' या वादातून मला जे उमगले ते असे : घेणाऱ्याजवळ तीन प्रकारची माहिती असते, आणि तिन्हींचा हुकूम एक नाही. पहिली बाजाराची, ती दोघांची आहे, विकणाऱ्याला नसेल तर सांगणे आपल्यावर येते. दुसरी समोरच्याच्या मजबूरीची. ती आपल्याला कळली तरी वापरायची नाही, ती अमानत आहे. तिसरी आपल्या स्वतःच्या खिशाची. ती आपली, ती न सांगण्यात कसलाही दोष नाही. 'मी आणखी दोन लाख देऊ शकते' हे आजींना सांगण्याची माझ्यावर सक्ती नाही. 'शेजारचे घर इतक्याला गेले' हे सांगण्याची आहे.

आम्ही दोन्ही खरेदीखतांचे आकडे त्यांना सांगितले, कौले आणि मागची भिंत यांचा खर्च दाखवला आणि १७ लाख म्हटले. त्यांनी भावाला विचारले, आठ दिवस घेतले आणि १८ मागितले. १७ लाख ५० हजारांवर ठरले. एजंटाच्या हिशेबाने आम्ही साडेतीन लाख पाण्यात घातले. कौले बदलायचे काम त्यामुळे पुढे गेले; पावसाळ्यात दोन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात. न्यायाच्या भावाची किंमत पडते. ती पडत नाही असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

मजबूरीचा भाव काय असतो, हे आपल्या समाजाला तरी नव्याने शिकवायला नको. १९८४ च्या भिवंडी दंगलीनंतर आणि १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर कितीतरी कुटुंबांनी मिश्र वस्तीतली घरे येईल त्या भावाला विकली आणि मुंब्र्यासारख्या ठिकाणी बिऱ्हाड केले. ज्यांनी ती स्वस्तात घेतली त्यांनी कुणाला धमकावले नव्हते. त्यांनी फक्त भीतीचा भाव दिला. आजही चांगल्या सोसायटीत मुसलमान नावाला एकतर नकार मिळतो, नाहीतर जादा आकडा. एखाद्या समाजाच्या गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्या लोकांपुरते ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पारशी सोसायटीच्या खटल्यात वैध ठरवला. मग आपला माणूस आपल्याच मोहल्ल्यात येतो, आणि तिथला विकणाराही ओळखून असतो की हा दुसरीकडे जाणार कुठे. तोही चढा भाव लावतो. दुसऱ्यांनी आपल्या मजबूरीचा भाव लावला तर आपण त्याला जुलूम म्हणतो. आपण लावला की त्याला धंदा म्हणतो. माप घेताना पुरे घेणाऱ्या आणि देताना घटवणाऱ्यांना कुरआनने जो इशारा दिला आहे, तो फक्त तराजूवाल्यांसाठी आहे असे समजण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. भाव ठरवतात दोघे, पण तो दोघांपुरता राहत नाही. देण्याचा एक आकडा आणि कागदावरचा दुसरा, ही रीत आमच्याकडे फार रुळलेली आहे. मुद्रांक शुल्क वाचते, दोघेही खूश असतात. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घ्यायला २०१५ पासून मनाई आहे, तरीही. यात तिसऱ्याचे नुकसान होते ते दिसत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा बाजारभाव काढताना रेडी रेकनरबरोबर आसपासच्या खरेदीखतांची सरासरीही पाहतात आणि जो आकडा मोठा असेल तो धरतात. आज आपण दोघांनी कमी आकडा लिहिला आणि उद्या रस्ता आला, तर ती सरासरी शेजाऱ्याच्या मोबदल्याला आधार द्यायला उरत नाही. खरेदीखतावरचा आकडा ही साक्ष असते. २०२१ पासून महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, त्यामुळे आता अनेक घरांत ही साक्ष देणारी सही बाईची असते. 'मला काय कळतंय, ह्यांनी ठरवलं' असे म्हणून तिला बाजूला होता येणार नाही.

यावर रास्त आक्षेप एकच उरतो : खरा भाव सांगणाऱ्याला लोक दुबळा समजतात आणि आणखी ओढतात. तसे होते. पण न्याय म्हणजे भोळेपणा नव्हे. आकडा कारणांसह सांगावा, त्यावर ठाम राहावे, परवडत नसेल तर सलाम करून उठावे. घासाघीस हराम नाही, आणि विकणाऱ्याच्या हावेचे पैसे भरणे आपल्यावर बंधनकारक नाही. बंधन आहे ते इतकेच की जे मला ठाऊक आहे ते त्यालाही ठाऊक असते आणि त्याला घाई नसती, तर या आकड्यावर त्याने विचार तरी केला असता का, हे बोलण्याआधी स्वतःला विचारावे. उत्तर नाही असे आले, तर तो आकडा तोंडातून काढू नये, मग समोरचा हो म्हणायला कितीही तयार असो.