जिनांचे दुखणे कुणाला भोवले?

महंमद अली जिनांना क्षय झाला आहे हे वेळीच कळले असते तर फाळणी टळली असती, असे आपल्याकडे अजूनही हळहळून बोलले जाते. या समजुतीला मोठे बळ दिले ते लॅरी कॉलिन्स आणि दॉमिनिक लापिएर यांच्या १९७५ सालच्या ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ने. जिनांच्या फुप्फुसांच्या एक्स-रेचे गुपित मुंबईतल्या त्यांच्या डॉक्टरांनी जिवापाड जपले, असे त्यात आहे. आणि आपल्याला हे ठाऊक असते तर आपण वेगळा विचार केला असता, असे खुद्द अखेरचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी उतारवयात या लेखकांना सांगितले. माझ्या मते ही हळहळ चुकीच्या जागी खर्च होते. त्या गुप्ततेने फाळणी घडवली नाही. तिची झळ बसली ती मुख्यतः पाकिस्तानला, आणि तीही फाळणी होऊन गेल्यावर.

आधी तारखाच पाहाव्यात. ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ रोजी सत्तांतरासाठी जून १९४८ ची मुदत जाहीर केली होती. माउंटबॅटन यांनी घाई न करता ती पुरेपूर वापरली असती तरी त्या जूनमध्ये जिना हयातच होते. ते गेले ११ सप्टेंबर १९४८ ला. क्षयाचा रोगी किती दिवस काढील हे त्या काळी कोणता डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकला असता? शिवाय प्रश्न एका माणसाच्या श्वासाचा उरलाच नव्हता. १९४५ च्या निवडणुकीत मुस्लिम लीगने केंद्रीय विधिमंडळातल्या सगळ्या ३० मुस्लिम जागा जिंकल्या होत्या. पुढच्या वर्षी कलकत्ता, नोआखाली, बिहार आणि मग मार्च १९४७ मध्ये पंजाब पेटला. ८ मार्चला काँग्रेस कार्यकारिणीनेच पंजाबच्या विभागणीची मागणी केली, तेव्हा माउंटबॅटन दिल्लीत पोचलेही नव्हते. जिनांच्या जागी लीगमधले त्यांचे सहकारी लियाकत अली असते तर नरमले असते, असे कुणी म्हणेल. असतीलही. पण एका माणसाच्या मरणाची वाट पाहत बसायचे, तर तोवर पंजाबात माणसे मरतच राहिली असती.

गुप्ततेची किंमत मोजावी लागली ती पुढे. गव्हर्नर-जनरलपद आणि घटना समितीचे अध्यक्षपद, दोन्ही जिनांनी स्वतःकडे ठेवली होती. मंत्रिमंडळाच्या बैठकाही तेच चालवत. अशक्तपणा अंगावर काढत १ जुलै १९४८ ला त्यांनी कराचीत स्टेट बँकेचे उद्घाटन केले आणि मग ते बलुचिस्तानातल्या झियारतला गेले. जुलैअखेर डॉक्टर कर्नल इलाही बक्ष तिथे पोचले. तपासण्यांनंतर त्यांनी क्षयाचे निदान सांगितले, ते जिनांनी शांतपणे ऐकून घेतले आणि हे बहीण फातिमाला सांगितले का, एवढे विचारले. १३ ऑगस्टला त्यांना क्वेट्ट्याला हलवले आणि दुसऱ्याच दिवशी स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाचा संदेश त्यांच्या नावाने देशभर गेला. तोवर त्यांचे वजन ऐंशी पौंडांच्या आसपास उतरले होते. ११ सप्टेंबरला त्यांना आणणारे विमान कराचीच्या मौरीपूर विमानतळावर उतरले तेही गुपचूप. शहराच्या वाटेवर रुग्णवाहिका बंद पडली. दुसरी यायला तासाहून जास्त वेळ लागला. स्ट्रेचरवर पडलेल्या भावाच्या तोंडावरच्या माश्या फातिमा पुठ्ठ्याने वारत होत्या. यामागे कट होता असा संशय पाकिस्तानात आजवर घेतला जातो. मला त्यात गुप्ततेचाच परिणाम दिसतो: जो येतोय हे कुणाला कळू द्यायचे नाही, त्याच्यासाठी बंदोबस्त तरी कसा असणार?

यावर असे म्हटले जाईल की काश्मीरात लढाई सुरू होती, निर्वासितांचे लोंढे येत होते. अशा वेळी नेता मरणपंथाला लागल्याची बातमी कोवळ्या राष्ट्राने कशी पेलली असती? ऑगस्ट १९४७ पर्यंत हा युक्तिवाद मला मान्य आहे. वाटाघाटीला बसलेला माणूस आपले दुखणे प्रतिपक्षाला सांगत नाही. पण राष्ट्रप्रमुख झाल्यावर प्रतिपक्ष उरला नव्हता, होती ती स्वतःची प्रजा आणि स्वतःची घटना समिती. हाती वेळ थोडाच असू शकतो हे त्या समितीला कळले असते तर जिनांचा शब्द चालत होता तोवर राज्यघटनेचा निदान सांगाडा उभा करण्याची निकड तिला भासली असती. राज्यघटनेच्या उद्दिष्टांचा ठराव आला मार्च १९४९ मध्ये, राज्यघटना १९५६ मध्ये. दरम्यान जिनांच्या वजनामुळे भारदस्त झालेल्या गव्हर्नर-जनरलच्या खुर्चीचा वापर करून गुलाम महंमद यांनी १९५३ मध्ये पंतप्रधान नाझिमुद्दीन यांना घरी पाठवले आणि पुढच्याच वर्षी घटना समितीच बरखास्त केली. लष्करी राजवटीची कारणे एका आजारात शोधणे भाबडेपणाचे होईल हे खरे. मात्र त्या खुर्चीचे अधिकार बांधून घालायला जिनांची हयात ही सर्वांत सोयीची वेळ होती, आणि ती कुणाच्या लक्षात येण्याआधीच सरली. याउलट भारतात पाहा: जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरला नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तो साऱ्या देशाला कळला. त्याच महिन्यात लालबहादूर शास्त्री मंत्रिमंडळात परतले, २७ मे रोजी नेहरू गेले आणि ९ जूनला शास्त्रींचा शपथविधी झाला. ‘नेहरूंनंतर कोण?’ हे भारतात कितीतरी आधीपासून उघड विचारले जात होते. १९४८ च्या उन्हाळ्यात कराचीतल्या लोकांना मात्र तो प्रश्न विचारण्याचे कारणच कळू दिलेले नव्हते.