घडवणाऱ्याचा वाटा

नागभीड,
कार्तिक वद्य पंचमी

चि. भाच्यास,


कबड्डी मंडळाचा सचिव झालास हे ऐकून समाधान वाटलं. परवा फोनवर तू जे बोललास त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून हे पत्र. धान बांधीतून खळ्यावर येईल, चुरणं होईल आणि मग गावोगाव कबड्डीचे सामने सुरू होतील. तुमच्या सामन्यांचं पत्रक छापायला जायच्या आत माझं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचावं अशी इच्छा आहे.

तुझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली, तुमच्या मैदानावर वाढलेला चढाईपटू यंदा शेजारच्या मोठ्या गावाच्या चमूने पैसे देऊन नेला. दुसरी, तुमच्याच मंडळातली काही मंडळी म्हणतात की आपणही नागपूर-गोंदियाकडचे दोन तयार खेळाडू बोलीवर आणू आणि ढाल जिंकू. पहिल्या गोष्टीचा तुला संताप आहे आणि दुसरीचा मोह. दोन्हींचा विचार एकाच मापाने कर. जे माप त्यांना लावशील तेच स्वतःला लागेल.

आधी त्या पोराबद्दल. ‘यापुढे त्याला आपल्या मैदानात पाय ठेवू देणार नाही’ असं तू म्हणालास. असं करू नकोस. त्याच्या घरी जमीन किती आहे ते तुला माहीत आहे. रोवणी आणि कापणी सोडली तर त्याच्या बापाला रोजी मिळवायला कुठे-कुठे जावं लागतं तेही माहीत आहे. एका सामन्याचे त्याला जे पैसे मिळतात ते घरात जातात. जो पोरगा श्वास कोंडून सात जणांच्या अंगावर जातो, गुडघा फोडून घेतो, त्याला त्या मेहनतीचे पैसे घेण्याचा पूर्ण हक्क आहे. तो मंडळाची मालमत्ता नाही. मंडळाने त्याला घडवलं असेल, पण घडवणं म्हणजे बांधून ठेवणं नव्हे.

तरीही तुझ्या संतापात एक खरी गोष्ट आहे, आणि ती मला सोडायची नाही. चार वर्षं तुम्ही त्या पोराला शिकवलं. पहाटे मैदान झाडलं, पाणी मारलं, पंजा कसा टाकायचा, बोनसची रेषा कशी घ्यायची, कोपऱ्यातल्या पकडीतून कसं निसटायचं, हे सगळं त्याला तुमच्या मातीत आलं. आज तो दुसऱ्याची ढाल जिंकून देतो आणि पत्रकावर, भोंग्यावर, वर्तमानपत्रात कुठेही तुमच्या गावाचं नाव येत नाही. हा अन्याय आहे.

आपल्या तालुक्याला हा अन्याय नवा नाही. नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली आपल्या बांधीतल्या ‘पटेल 3’ धानात वेगळी लोंबी हेरली, ती जपली, वाढवली आणि त्यातून एचएमटी तांदूळ निघाला. 1994 मध्ये कृषी विद्यापीठाने बियाणं नेलं आणि 1998 मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने बाहेर आणलं. राज्यांच्या सीमा ओलांडून तो तांदूळ गेला, व्यापारी मोठे झाले. दादाजी 2018 साली गेले, पण त्या वाणाच्या विक्रीतला वाटा त्यांच्या घरी आला नाही. वाण सगळीकडे गेलं याचं दुःख कोणालाच नव्हतं, दादाजींनाही नव्हतं. घडवणाऱ्याचा वाटा मोजला गेला नाही, हे दुःख होतं. खेळाडूच्या बाबतीतही माझं हेच म्हणणं आहे.

जगात काही ठिकाणी लोकांनी हा वाटा मोजायची रीत काढली आहे. फुटबॉलमध्ये एखादा खेळाडू करार चालू असताना एका क्लबातून दुसऱ्यात गेला आणि त्यासाठी रक्कम मोजली गेली, तर त्यातले 5 टक्के बाजूला काढले जातात. बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकवलं, त्यांच्यात ते वाटले जातात. जागतिक संघटनेचाच हा नियम आहे. कुठल्या तरी खेड्यातला लहानसा क्लब अशा एका हप्त्यावर मैदान नीट करून घेतो, पोरांना बूट घेऊन देतो. आपल्या प्रो कबड्डीत बोली लागते. दहाव्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले, तेव्हा एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्चायची मर्यादा 5 कोटी होती. बोलीची ती रक्कम खेळाडूची, आणि ती त्यालाच मिळायला हवी. पण असे आकडे वाचताना ज्या मैदानावर असे खेळाडू पहिल्यांदा पडले, उठले, त्या मैदानाची आठवण मला येते.

आता दुसरी गोष्ट, बाहेरून खेळाडू आणण्याची. यात पाप नाही, हे आधी सांगतो, कारण आपल्या विदर्भानेच ते करून दाखवलं आहे. विदर्भाचा क्रिकेट संघ 1957-58 पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं आपल्याला कोणी मोजलं नाही. मग 2017-18 च्या हंगामात इंदूरला दिल्लीला हरवून आपण चषक आणला. त्या संघात मुंबईचा वसीम जाफर होता, कर्नाटकातून आलेला गणेश सतीश होता. पण अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली रजनीश गुरबानीने, शतक ठोकलं अक्षय वाडकरने, आणि कर्णधार होता फैज फजल. तिघेही आपलेच. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव याच क्रिकेटमधून भारताच्या संघात गेला. त्या विजयाच्या पुढच्याच हंगामात जाफरने हजारावर धावा केल्या आणि चषक पुन्हा आपल्याकडे राहिला. नंतर 2025 मध्ये जामठ्याला केरळविरुद्ध अंतिम सामना झाला. त्यात पाहुण्या करुण नायरने दुसऱ्या डावात 135 केल्या, पण पहिल्या डावात 153 करून सामना आपल्या हातात आणला तो दानिश मालेवारने, आणि त्या हंगामात 69 बळी घेऊन विक्रम केला तो हर्ष दुबेने. करुण पुढच्या हंगामात कर्नाटकात परत गेला. दानिश आणि हर्ष मात्र इथेच वाढलेले आहेत.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. क्रिकेट मंडळाचा नियम आहे की एका राज्याला बाहेरचे तीनच खेळाडू घेता येतात, आणि त्यांना आधीच्या संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं. मर्यादा आधीच ठरलेली असते, ऐन हंगामात कोणी ती बदलत नाही. दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त मोलाची. पाहुणा आला तो शेजारी उभ्या असलेल्या पोराला काही देऊन गेला. जाफरबरोबर तासन्‌तास फलंदाजी करणाऱ्या पोराला जे मिळतं ते कुठल्या शिबिरात मिळत नाही. तुम्ही नागपूरचा चढाईपटू आणणार असाल तर सामन्याच्या दिवशी गाडीतून उतरून रात्री परत जाणारा आणू नका. आठ दिवस आधी बोलवा, पोरांबरोबर सराव करू द्या, गावात जेवू द्या. त्याला तेवढा वेळ नसेल तर त्याच्या जागी तुमचाच पोरगा उतरवा, हरलात तरी चालेल. ढाल मंडळाच्या खोलीत राहील आणि शिकलेला पोरगा मैदानावर राहील, यातलं गावाला काय हवं ते तुम्ही ठरवा.

खेळाडू कोणाचा, यावर ऑस्ट्रेलियातही मोठा वाद आहे. त्यांचा फुटबॉल त्यांचा स्वतःचा आहे, अंडाकृती चेंडूचा. लीगमध्ये अठरा संघ. 1986 पासून तिथे ड्राफ्ट आहे, म्हणजे नवी पोरं गादीवाफ्यातल्या रोपांसारखी वाटून दिली जातात, आणि तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते, म्हणजे दुबळा सावरतो. बरोबरी राखण्याची ही चांगली रीत आहे, पण तिची किंमत पोरं भरतात. अठरा वर्षांच्या पोराला आपला संघ निवडता येत नाही. पर्थचा पोरगा हजारो किलोमीटर दूर मेलबर्नला पाठवला जातो.

या नियमाला दोन सवलती आहेत, आणि वाद त्यांच्यावरच पेटतो. सिडनी आणि ब्रिस्बेनच्या बाजूला रग्बीचं वेड जास्त, म्हणून तिकडच्या चार क्लबांना आपल्या भागातल्या पोरांसाठी अकादमी चालवायची मुभा आहे. तिथे घडलेल्या पोरावर दुसऱ्या क्लबाने निवड लावली तर त्या निवडीच्या मोलानुसार ठरलेले गुण मोजून मूळ क्लब त्याला राखू शकतो. दुसरी सवलत वडील-मुलाची. बापाने एका क्लबासाठी शंभर सामने खेळले असतील तर मुलाला तोच क्लब अशाच रीतीने घेऊ शकतो. ब्रिस्बेनचा विल अ‍ॅशक्रॉफ्ट असाच आला. त्याचे वडील मार्कस त्याच क्लबाच्या 2001 ते 2003 च्या तीन विजेतेपदांत होते. विलने 2024 आणि 2025 अशा सलग दोन अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचं पदक घेतलं, आणि दोन्ही वेळा ब्रिस्बेन जिंकलं. बाकीचे क्लब म्हणतात, हे न्याय्य नाही.

मला विचारशील तर पहिली सवलत न्याय्य आहे, दुसरी नाही. अकादमीवाल्याने मैदान दिलं, शिक्षक दिला, वर्षानुवर्षं पोराला वाढवलं. त्याचा हक्क कष्टातून आला. वडील-मुलाच्या नियमात पोराला कोणी शिकवलं हे कोणी विचारत नाही, फक्त तो कोणाचा मुलगा आहे एवढंच पाहिलं जातं. भावनेला ते गोड वाटतं, पण खेळात हक्क रक्ताने मिळू नये. ‘स्थानिक’ या सवलतीला पाया एकच असावा, तो म्हणजे घडवण्याचा.

म्हणूनच तुमच्या पत्रकातला ‘आधार कार्डवर गावचा पत्ता असावा’ हा नियम मला पटत नाही. विचार कर. गडचिरोलीकडचा एखादा माडिया किंवा गोंड पोरगा आश्रमशाळेत सहावीपासून राहतो, तिथल्याच मैदानावर खेळतो, आणि कार्डावर पत्ता असतो दूरच्या पाड्याचा. तो कोणाचा? ज्या शाळेने त्याला घडवलं तिचा. मुलींचं तर आणखी विचित्र होतं. पोरगी माहेरी दहा वर्षं कबड्डी खेळते, लग्न झालं की पत्ता बदलतो, आणि माहेरच्या चमूला ती ‘बाहेरची’ होते. सासरी ज्यांनी तिला कधी मैदानावर पाहिलंही नाही, त्यांची ती ‘स्थानिक’. दोन्हीकडे नीट वाटलं नाही म्हणून कितीतरी मुलींनी खेळच सोडला, हे मी शाळेत असताना डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि दुसरीकडे आजोबांच्या वेळचं घर गावात आहे म्हणून नागपुरात वाढलेला पोरगा ‘आपला’ ठरतो.

त्याऐवजी असं लिहा. ज्याने आपल्या मैदानावर किमान दोन हंगाम सराव केला, तो आपला, पत्ता कुठलाही असो. सातपैकी मैदानात एका वेळी दोनच पाहुणे. प्रत्येक चमूने बारा जणांची यादी, कोण स्थानिक आणि कोण पाहुणा हे लिहून, चिठ्ठ्या पडण्याआधी द्यायची, आणि ती यादी मंडपात सगळ्यांना दिसेल अशी लावायची. एक खेळाडू संपूर्ण स्पर्धेत एकाच चमूकडून. पाहुण्याच्या नावापुढे तो मूळ कुठल्या मंडळाचा हे छापायचं आणि भोंग्यावर सांगायचं. तो चमू बक्षीस जिंकला तर त्या मूळ मंडळाला बक्षिसाचा दहावा भाग द्यायचा. रक्कम छोटी असेल. पण त्यातून पोरांना गुडघ्याचे पट्टे, मैदानावर मुरूम एवढं होतं, आणि मुख्य म्हणजे घडवणाऱ्याचं नाव भर मंडपात घेतलं जातं.

आणि हे सगळं यजमान चमूला आधी लागू. यजमानाचा फायदा तसाही असतो, प्रेक्षक आपले, मैदान ओळखीचं. त्यात पंच गावचेच, चिठ्ठ्यांत पहिल्या फेरीत सूट आपल्यालाच, आणि रात्री उशिरा थंडीत दूरच्या चमूचा सामना, असं करू नका. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडून पोरं ट्रॅक्टरवर बसून येतात, त्यांना परत जायचं असतं. पंच जिल्हा संघटनेकडून मागवा. थोडा खर्च होईल, तो मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन.

तुझं मंडळ लहान आहे म्हणून असले नियम मोठ्यांनी करावेत असं तुला वाटेल. मोठ्या गावांना जुनी रीत सोयीची आहे, ते कशाला बदलतील? नियम त्यालाच हवा असतो ज्याचा पोरगा नेला जातो. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये कबड्डी खेळून दाखवली, तेव्हा तेही एका शहरातलं स्थानिक मंडळच होतं. तुम्ही यंदा हे नियम छापा, येतील ते चमू येतील. पुढच्या वर्षी दुसरं गाव तुमचं पत्रक मागेल.

त्या पोराला आजच फोन कर. त्याला सांग, दुसऱ्याकडून खेळ, पैसे मिळव, पण आठवड्यातून एकदा संध्याकाळी येऊन आपल्या लहान पोरांना पकड शिकव. नियमांचा कच्चा मसुदा येत्या बुधवारपर्यंत माझ्याकडे पाठव, मी वाचून लगेच परत करतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा