नियत आणि अंतर

बंदुकीने प्राण्याचा जीव जातो, कॅमेऱ्याने त्याचे काहीच जात नाही, असा आपला समज आहे. कायदा मात्र इतका निश्चिंत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणेही येते. हातात बंदूक होती की कॅमेरा, हे तो कायदा विचारत नाही.

आमच्या दिघीच्या टेकडीखाली माळावर टिटवी उघड्या जमिनीवरच, खड्यांमध्ये अंडी घालते. एप्रिल-मेच्या उन्हात ती भाजू नयेत म्हणून पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. मोबाइल घेऊन कोणी जवळ थांबला, की ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. खाली अंडी तापत राहतात. फोटोत फक्त तिचे सुंदर उड्डाण दिसते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात घडली. 31 डिसेंबर 2024 रोजी एफ-2 नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी घेरले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. वाहनचालक आणि गाइड निलंबित झाले. ते योग्यच झाले. पण 'अजून थोडी पुढे घ्या' ही फर्माईश कोणाची असते? गाइडची रोजी त्या फर्माईशीवर चालते. रोजी त्याची बुडते, फोटो मात्र आपल्या घरी येतो.

छायाचित्रकार म्हणतात, आमची नियत साफ आहे. चित्रे पाहूनच लोकांना जंगलाविषयी प्रेम वाटते. हे खरे आहे. पण नियत काय होती याचा हिशेब अल्लाहपाशी. अंतर किती ठेवले याचा हिशेब त्या मुक्या जिवापाशी. एका हदीसमध्ये प्रवासातील सहाबांनी एका पक्षिणीची पिले उचलल्याचा प्रसंग आहे. त्यांनी पिलांना मारले नव्हते. तरीही आईची तडफड पाहून पैगंबरांनी (स.) ती परत ठेवायला लावली. इजा झाली नाही, एवढ्याने बात संपत नाही.

डॉ. सलीम अली यांनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. नर एकामागून एक घरटी विणतो आणि मादी अर्धवट घरटे पसंत करून त्याचा ताबा घेते, हे त्यांना तिथे उलगडले. पक्षी आपले काम करत राहिले, म्हणूनच ते दिसले. घाबरलेला पक्षी आपल्याला फक्त त्याची भीती दाखवतो.

मुले विचारतात, मग फोटो काढायचाच नाही का? जरूर काढावा. फक्त आपण आल्यावर त्या जिवाने आपले काम थांबवले का, हे आधी पाहावे. थांबवले असेल तर दोन पावले मागे यावे. कदाचित फोटो हुकेल. पण टिटवी परत अंड्यांवर बसेल.