मधले चाळीस किलोमीटर

पैठणच्या बाजूची गोदाकाठची सपाटी डोळ्यांपुढे आणा. नाथसागराचं पसरलेलं पाणी, कालव्यावर पोसलेला ऊस. या सपाटीवर मनातच दोन टॉवर उभे करा, एकमेकांपासून 40 किलोमीटरवर. मग टॉवर सोडा आणि मधल्या हवेकडे पाहा. मायक्रोवेव्ह लिंक आखायची ती खरी तिथे.

एका डिशपासून दुसरीपर्यंत रेषा ओढा. सावकाश तिच्या मध्यावर या आणि खाली बघा. जमीन सपाट दिसते, पण पृथ्वीच्या गोलाईमुळे इथे ती दोन्ही टोकांच्या मानाने वर आली आहे. किरण हवेतून जाताना जरासा खाली वाकतो, ती सवलत धरूनही हा फुगवटा साडेतेवीस मीटर भरतो. काही वेळा हवेचे थर उलटे वागतात आणि किरण वर वाकतो. त्या वेळेसाठी हाच फुगवटा 47 मीटर धरून बघतात. या दुसऱ्या आकड्यापाशी थोडं थांबा. आखणी करणाऱ्याची कसोटी इथेच लागते.

आता रेषेला जाडी द्या. लहरीला भोवती मोकळी जागा हवी असते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल यांच्या नावावरून. 6 गिगाहर्ट्झला मध्यावर तिची त्रिज्या सुमारे 22 मीटर. त्यातली निदान साठ टक्के तरी मोकळी हवी. झाडाचा शेंडा रेषेपासून दूर असला तरी या जागेत फार आत आला की सिग्नल घटतो.

म्हणून वाटेवरची झाडं बघा. आजची उंची बघा, आणि पंधरा वर्षांनंतरचीही. संगणकावरचे उंचीचे नकाशे फार कामाचे आहेत, पण 2000 साली अवकाशयानातून केलेल्या मोजणीत त्यानंतर उभं राहिलेलं धुराडं कुठून येणार? मला वाटतं, ज्याने ही वाट पायाखाली घातली नाही, त्याने टॉवरची उंची ठरवू नये.

आता थंडीतली पहाट आणा. वारा पडलाय. ओल्या शेतांवर गार हवा साचलीय, वर ऊबदार थर आहे. लहर दोन वाटांनी पोचते. 6 गिगाहर्ट्झला लहरलांबी 5 सेंटिमीटर. एक लहर दुसरीपेक्षा अडीच सेंटिमीटर मागे पडली की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. चाळीस किलोमीटरच्या प्रवासात अडीच सेंटिमीटर! हे मनात नीट उतरू द्या. ना पाऊस, ना वादळ, आणि तरी लिंक तुटते.

या पहाटेसाठी 40 डेसिबलचं मार्जिन ठेवा, म्हणजे सिग्नल गरजेच्या दहा हजार पट. एरवी ते वाया गेल्यासारखं दिसेल. खर्च कमी करायला बसलेला माणूस आधी त्यावरच बोट ठेवेल. पण वर्षाचे 99.999 टक्के सेवा द्यायची, तर बंद राहायला जेमतेम सव्वापाच मिनिटं मिळतात, आणि अशी एक पहाट ती सगळी खाऊन टाकू शकते. मार्जिन तसंच राहू द्या. शिवाय त्याच टॉवरवर, पहिल्या डिशच्या दहाएक मीटर खाली, दुसरी डिश बसवा. वरच्या डिशपाशी लहरी एकमेकींना पुसत असतील त्याच क्षणी खालीही तेच घडेल, असं क्वचित होतं.